वेस्टमिन्स्टरचे सभागृह आणि झरीची सभा

‘बहिष्कृत’ या शब्दाचा अर्थ आपल्याला कोशात शोधावा लागत नाही. तो आपण आपल्या वाडवडिलांच्या पाठीवर वाचला आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले, तेव्हा गावाबाहेर ठेवलेल्या माणसांचा एक अख्खा देश त्या दोन शब्दांत उभा राहिला. परंतु माणसाला गावाबाहेर ठेवावे त्याप्रमाणे माणसासकट त्याचा पाडा, त्याचा तालुका आणि त्याचे जंगलच कायद्याबाहेर ठेवता येते, हे मला फार उशिरा कळले. ते कळले डहाणू-तलासरीच्या मुलखात.

मी मराठवाड्यातला. महारवाड्यात वाढलो, शिष्यवृत्तीवर शिकलो आणि १९८१ साली तलासरी तालुक्यातील एका शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो. पहिल्याच पावसाळ्यात रोज सकाळी माझ्या खोलीच्या दाराशी वाळल्या लाकडांची एक मोळी ठेवलेली असे. मी ती कधी मागितली नव्हती. पोरे आणून टाकीत. मी तिला पोरांची माया समजलो आणि महिनाभर त्या सरपणावर माझा भात शिजला. एके संध्याकाळी एका पोराचा आजा ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ बोलला नाही. मग त्याने शांतपणे विचारले, की गुरुजी या लाकडाचे पैसे देणार आहेत, की हीसुद्धा वेठच आहे? आवाजात राग नव्हता. पंचेचाळीस साली तो झरीच्या सभेला गेला होता, आणि वेठ कशाला म्हणतात ते त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

माझ्या आजोबाने महारकीत पाटलाच्या वाड्यावर आयुष्यभर फुकट लाकडे फोडली होती. त्याच्या नातवाने पँट घातली, पगार घेतला आणि वारल्याच्या नातवाकडून फुकट लाकूड घेतले. दुसऱ्या दिवशी मी पैसे दिले, मोळी बंद करविली. पण त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. पुढे बाहेरून एम. ए.ची तयारी करताना १९३५ च्या भारत सरकार कायद्यापाशी मी आलो, आणि त्याखाली काढलेल्या एका आदेशाच्या यादीत मुंबई प्रांताच्या सदरात मला ओळखीची नावे दिसली: ठाणे जिल्हा, डहाणू व शहापूर तालुके, मोखाडा व उंबरगाव पेटे. आजची तलासरी त्या वेळच्या उंबरगावात होती. लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी भरणाऱ्या एका सभागृहाने माझ्या विद्यार्थ्यांच्या आजोबांविषयी काही ठरविले होते. काय ठरविले होते, आणि त्याचे या मातीत काय झाले, हे सांगण्यासाठी हा लेख.

२

त्या सभागृहाचे नाव हाऊस ऑफ कॉमन्स. ब्रिटिश संसदेचे हे कनिष्ठ सभागृह. वरचे सभागृह सरदारांचे, खालचे सामान्यांचे आणि सर्वांच्या डोक्यावर राजा, अशी ही उतरंड आपल्यासारख्यांना चातुर्वर्ण्याची आठवण करून देणारी आहे. पण तिच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. येथे खरी सत्ता हळूहळू खालच्या घराकडे सरकली. कायदा राजाच्या नावाने होतो, हुकूम राजाच्या नावाने निघतो. परंतु राजा तो आपल्या मर्जीने काढू शकत नाही. मंत्री सांगतील त्यावर तो सही करतो, आणि मंत्री कॉमन्स सभेला जबाबदार असतात. १९११ च्या कायद्याने सरदारांच्या सभेचा पैशाच्या विधेयकांवरील अधिकार जवळजवळ संपला. तेव्हा ‘सम्राटाच्या आज्ञेने’ असे शब्द जेथे छापलेले असतील, तेथे त्या आज्ञेमागे बहुमताने निवडलेले सभागृह उभे आहे असे समजावे. डहाणूच्या आदेशावरही सम्राटाचेच नाव होते.

हे घर सामान्यांचे आपोआप झाले नाही. १८३२ पूर्वी ओल्ड सॅरमसारखे, जवळजवळ ओसाड पडलेले ठिकाण दोन सभासद पाठवीत असे, आणि गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही सभासद नव्हता. चार्टिस्ट चळवळीच्या कामगारांनी १८४२ साली तीस लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज नेला, तो सभागृहाने फेटाळला. सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळायला १९१८ साल उजाडले आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळाले ते १९२८ साली. म्हणजे ज्या वर्षी सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरले, त्याच वर्षी ते सभागृह कागदोपत्री खऱ्या अर्थाने सर्व प्रौढांचे झाले. लोकशाही ही इंग्रजांच्या रक्तातच होती, असे आपल्याकडचे सुशिक्षित सांगतात. तसे काही नाही. ती तेथेही भांडून घ्यावी लागली.

आणि ज्यांना भांडायला तेथे जाता येत नव्हते, त्यांचे काय झाले? याच संसदेने १८३३ साली साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणारा कायदा केला. गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. गुलामांना काही दिले नाही. परंतु त्या कायद्यात एक कलम असे होते, की ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील मुलूख यातून वगळण्यात येत आहे. पेशवाई बुडाल्यापासून ठाण्याचा हा मुलूख कंपनीच्याच ताब्यात होता. वगळणे येथून सुरू होते. पुढे १८४३ साली हिंदुस्थानासाठी गुलामगिरीविरोधी वेगळा कायदा झाला आणि १८६० च्या दंडसंहितेत माणसाकडून जबरीने काम करवून घेणे हा गुन्हा ठरला. म्हणजे डहाणूच्या सावकाराने वारल्याला मारून नांगराला लावले, तर त्याला वर्षभर तुरुंगात टाकण्याची सोय कायद्यात होती. फक्त तो कायदा जंगलातल्या पाड्यापर्यंत चालत आला नाही. फौजदार आला तो सावकाराच्या ओटीवर उतरला.

कॉमन्स सभेत हिंदी माणसे बसलीच नाहीत असे नाही. दादाभाई नौरोजी १८९२ साली उदारमतवादी पक्षातर्फे निवडून आले, मंचरजी भावनगरी १८९५ साली हुजूर पक्षातर्फे आणि शापुरजी सकलातवाला १९२२ साली मजुरांतर्फे. तिघेही मुंबईच्या मुलखाशी नाते असलेले. पण ते लंडनच्या मतदारांचे प्रतिनिधी होते. हिंदुस्थानातील एकाही माणसाला त्या सभागृहासाठी मत नव्हते. ते सभागृह मात्र हिंदुस्थानातील प्रत्येक माणसासाठी कायदा करीत होते.

३

सायमन कमिशनचे सातही सभासद ब्रिटिश संसदेतले होते. त्यांत क्लेमंट ॲटली होते आणि एडवर्ड कॅडोगनही होते. ही दोन नावे लक्षात ठेवावीत. देशाने कमिशनवर बहिष्कार टाकला. बाबासाहेबांनी मात्र १९२८ साली त्याच्यापुढे पुण्यात साक्ष दिली. त्यांच्यावर टीका झाली, पण त्यांचा हिशेब सरळ होता: जेथे आपल्या भवितव्याचा निर्णय होतो, तेथे आपला आवाज नोंदला गेला पाहिजे. त्यानंतर ते गोलमेज परिषदेत गेले, संयुक्त संसदीय समितीपुढे बसले, आणि १९३२ च्या पुणे कराराची कडू गोळी गिळूनही मुंबई प्रांतात अस्पृश्यांसाठी पंधरा जागा पदरात पाडून आले.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. गोलमेज परिषदेच्या टेबलाशी राजे होते, जमीनदार होते, व्यापारी होते, निरनिराळ्या धर्मांचे पुढारी होते, आपले बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन होते. आदिवासींचा म्हणून कोणीही नव्हता. परिणाम आकड्यात दिसतो. १९३५ च्या कायद्याने मुंबईच्या विधानसभेच्या १७५ जागांपैकी अस्पृश्यांना १५ जागा आणि ‘मागास क्षेत्रे व जमाती’ यांना एक जागा दिली. ठाण्यापासून खानदेश आणि पंचमहालापर्यंत पसरलेल्या वारली, कातकरी, कोकणा, ठाकूर, भिल्ल या सर्वांसाठी एक. पंधरा आणि एक, यांतला फरक लोकसंख्येने पडला नाही. तो टेबलाशी कोणी होते आणि कोणी नव्हते, याने पडला.

१९३५ च्या वसंतात हे विधेयक कॉमन्स सभेत कलमावार चालले. कायदा होऊन निघाला तेव्हा त्यात ३२१ कलमे होती. कोणते मुलूख प्रांतिक सरकारांच्या हातून वगळायचे याची यादी सरकारने विधेयकाला जोडली होती. कॅडोगन यांनी उपसूचना मांडली की ही यादी फार तोकडी आहे, आणखी कितीतरी आदिवासी मुलूख तिच्यात घालावेत. मजूर पक्षाचे कर्नल वेजवूड यांनीही या बाजूने जोर लावला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मैदानातला सावकार, वकील आणि पुढारी यांच्या हाती हे लोक सोपविले तर ते नागवले जातील. शेवटी यादी मागे घेण्यात आली, प्रांतिक सरकारांना विचारून ती नव्याने करण्याचे ठरले, आणि १९३६ साली सम्राटाच्या आदेशाने ती जाहीर झाली. डहाणू आणि उंबरगाव हे ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ ठरले.

कॅडोगन आणि वेजवूड यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. सावकाराविषयी ते बोलले ते खोटे नव्हते. आपल्याकडच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांनी या कलमांचा निषेध केला, फैजपूरच्या काँग्रेसने १९३६ साली तसा ठराव केला. पण देश तोडण्याचा डाव म्हणून निषेध करणाऱ्यांपैकी किती जणांनी वारल्याची वेठ सोडविण्यासाठी पाऊल उचलले होते? विद्वानांचाही एक वाद रंगला. व्हेरिअर एल्विन यांनी सुरुवातीला आदिवासींना बाहेरच्या जगापासून जपून ठेवावे असे म्हटले, तर मुंबई विद्यापीठाचे डॉ. घुर्ये यांनी ते मागासलेले हिंदूच आहेत असे मांडले. एकाला त्यांना राखायचे होते, दुसऱ्याला सामावून घ्यायचे होते. दोघांचेही ग्रंथ इंग्रजीत होते, आणि ज्यांच्याविषयी वाद चालला होता त्यांना अक्षरओळख नव्हती.

मग या वगळण्याने प्रत्यक्षात काय केले? कायद्याच्या ९२ व्या कलमाने असे ठरविले, की विधिमंडळाने केलेला कोणताही कायदा गव्हर्नरने स्वतंत्र अधिसूचना काढल्याशिवाय अशा क्षेत्राला लागू होणार नाही. तालुक्याच्या सीमेवर जणू एक दार बसविले आणि किल्ली गव्हर्नरकडे दिली. पण हे दार फक्त नव्या कायद्यांसाठी होते. सावकार आधीपासूनच आत होता. त्याचे कर्जरोखे आत होते, दिवाणी कोर्टाचे हुकूमनामे आत होते, जंगलखात्याचा गार्ड आत होता, दारूचा मक्तेदार आत होता. ज्यांच्यापासून संरक्षण द्यायचे ते सगळे घरात, आणि दाराला कडी.

हे मी आजच्या शहाणपणाने म्हणत नाही. मुंबई सरकारने १९३७ साली सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याला या क्षेत्रांची पाहणी करायला नेमले. त्याच्या अहवालात सरकारी भाषेत सगळे लिहून ठेवलेले आहे. जंगलपट्टीतल्या कुळाने जमीनदार बोलावील तितके दिवस त्याच्याकडे वेठीला जायचे. नकार दिला किंवा उशीर केला तर मार खायचा. मजुरी फार तर दिवसाला एक आणा, नाहीतर एका माणसाच्या एका जेवणापुरते तांदूळ. बायकांवर जमीनदार आणि त्यांची माणसे काय हक्क सांगत, तेही त्यात आहे. त्याहून भयंकर प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठी सावकाराकडून थोडी रक्कम उचलायची आणि ती फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्या घरी राबायचे. ती फिटत नसे. व्याज सावकार मांडी, हिशेब सावकार करी, आणि पावसाळ्यात पोटासाठी दिलेली खावटी त्यात मिळवी. १८४३ च्या कायद्यानंतर शंभर वर्षांनीही या मुलखात माणूस लग्नाच्या दिवशी गुलाम होत असे.

४

आता मी आपल्याला १९४५ च्या मे महिन्यात नेतो. या महिन्यातल्या दोन सभांमधले अंतर सतरा दिवसांचे आहे.

६ मे रोजी मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जातीय प्रश्न सोडविण्याची आपली योजना मांडली. कोणत्या समाजाला विधिमंडळात किती जागा असाव्यात याचा त्यात काटेकोर हिशेब आहे. आदिवासींना मात्र त्या हिशेबात धरलेले नाही. त्यांच्यात अद्याप राजकीय जाण आलेली नाही, कोणीही त्यांना आपल्या हातचे साधन बनवील, म्हणून वगळलेल्या क्षेत्रांचा कारभार पाहण्यासाठी एक वैधानिक आयोग नेमावा आणि प्रांतांनी त्यासाठी ठरावीक पैसा द्यावा, असे त्यांचे मत होते.

२३ मे रोजी झरी येथे वारल्यांची सभा भरली. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या हाकेला पाड्यापाड्यांतून सुमारे पाच हजार लोक आले. त्यांच्यातले मूठभर लोक जानेवारीत टिटवाळ्याच्या शेतकरी परिषदेला जाऊन आले होते. त्यांनीच पुढे पाडे जागे केले. झरीला ठरले ते असे: यापुढे वेठ करायची नाही; जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर रोजी बारा आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज कामाला जायचे नाही; मारायला आला तर एकजुटीने उभे राहायचे. दिवसाला एक आण्यावरून बारा आणे. सिमिंग्टनच्या अहवालाने सहा वर्षांत जे झाले नाही, ते एका दिवसाच्या सभेने सुरू केले. सभेहून परतलेले लोक पाड्यापाड्यांत गेले आणि लग्नगड्यांना सांगू लागले, की तू मोकळा आहेस. पुष्कळ जण खरोखरच त्या घरातून चालू लागले.

माझ्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला मी एकदा विचारले, की सभेत कोण काय बोलले? त्याला भाषणे आठवत नव्हती. त्याला आठवत होते ते एवढेच, की इतके वारली एकत्र बसलेले त्याने लग्नाखेरीज कधी पाहिले नव्हते, आणि ‘नाही’ हा शब्द सगळ्यांनी मिळून म्हणता येतो हे त्याला त्या दिवशी कळले.

राजकीय जाण नाही, असे ज्यांच्याविषयी म्हटले गेले, त्यांनी सतरा दिवसांत उत्तर दिले. उत्तर देण्यासाठी त्यांनी ते भाषण ऐकलेले असण्याची गरज नव्हती. बाबासाहेबांचे मूल्यमापन येथे चुकले, असे मला वाटते, आणि हे लिहिताना माझा हात कापत नाही. कारण प्रश्न विचारायला त्यांनीच आपल्याला शिकविले. आपण त्यांचे अनुयायी आहोत, भक्त नव्हे. शिवाय हा दोष एकट्या त्यांचा कसा म्हणावा? आपण गावकुसाबाहेरून गाव पाहिले. गावाच्या पलीकडे जंगल आहे, तेथेही माणूस विकला जातो, हे आपल्या चळवळीने फारसे पाहिलेच नाही. ज्या ‘अजून तयार नाहीत’ या युक्तिवादाने सनातन्यांनी आपल्याला नाकारले, तोच युक्तिवाद आपल्या तोंडी यावा, याची खंत आपणच बाळगली पाहिजे.

आणि यात एक धागा असा आहे, की तो आपण विसरता कामा नये. शामराव परुळेकर हे १९३७ साली मुंबई विधानसभेवर निवडून गेले ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे. त्याच वर्षी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणचे शेतकरी मोर्चाने मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेले. शामराव पुढे कम्युनिस्ट झाले, वाटा वेगळ्या झाल्या. पण झरीच्या माळावर जो माणूस उभा होता, तो आपल्याही अंगणातून गेलेला होता.

इकडे हे चालले असता तिकडे २६ जुलै १९४५ रोजी ब्रिटनच्या निवडणुकीचा निकाल लागला. मजूर पक्षाने कॉमन्सच्या ६४० जागांपैकी ३९३ जिंकल्या. खाणकामगार, रेल्वेतले कामगार, शिक्षक त्या सभागृहात बहुमताने बसले आणि सायमन कमिशनवर येऊन गेलेले ॲटली पंतप्रधान झाले. चार्टिस्टांच्या फेटाळलेल्या अर्जाला जणू शंभर वर्षांनी उत्तर मिळाले. मुंबई प्रांतात तेव्हा मंत्रिमंडळ नव्हते. १९३९ पासून गव्हर्नरची राजवट होती, आणि गव्हर्नर लंडनच्या मंत्रिमंडळाला जबाबदार होता. म्हणजे डहाणू आणि कॉमन्स सभा यांच्यामध्ये मुंबईचे विधिमंडळसुद्धा उरले नव्हते.

अशा वेळी, १० ऑक्टोबर १९४५ रोजी, तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. गवतकापणीच्या मजुरीचा लढा सुरू होता. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी हूल जमीनदारांच्या बाजूने उठविली गेली होती आणि त्यांना वाचवायला म्हणून लोक जमले होते. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले. कामगारांचे बहुमत असलेल्या सभागृहाच्या राज्यात, मजुरी मागणारे पाच मजूर पडले. त्या सभागृहातले लोक दुष्ट होते असे नाही. पण ज्याला मत नाही, त्याचा मृत्यू सभागृहात पोचतो तो फार तर एखाद्या कागदाच्या रूपाने. पुढच्या वर्षी मुंबईत लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, तेव्हाही जंगलकामाच्या मजुरीसाठी संप झाला आणि परुळेकरांवर हद्दपारीचा हुकूम निघाला. दार उघडणारा हात बदलला, तरी दार तेच होते.

५

१५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत आपला देशही कायद्याच्या दृष्टीने राजाखालचाच होता. सहावा जॉर्ज हा स्वतंत्र हिंदुस्थानचा नामधारी राजा होता आणि घटना समिती हीच संसद म्हणून कायदे करीत होती. ती समिती प्रांतिक विधानसभांनी निवडली होती, आणि त्या विधानसभा मूठभर मतदारांनी. पण तेथे जयपालसिंग मुंडा होते, आणि आदिवासीला लोकशाही शिकवू नका, ती त्याच्याकडून शिका, या अर्थाचे त्यांनी तेथे सुनावले. मसुदा समितीच्या खुर्चीवर बाबासाहेब होते.

या बाबासाहेबांनी १९४५ चा हिशेब पुढे चालविला नाही, हे आपण तितक्याच आग्रहाने सांगितले पाहिजे. प्रत्येक प्रौढाला एक मत मिळाले. राजकीय जाण आहे का, हे विचारले गेले नाही. ३३० व्या कलमाने लोकसभेत अनुसूचित जातींबरोबर अनुसूचित जमातींनाही लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या. पंधराला एक हे प्रमाण गेले. २३ व्या कलमाने वेठबिगारी घटनेतच गुन्हा ठरली. पाचव्या परिशिष्टात जुन्या ९२ व्या कलमाची सावली आहे, परंतु ती उलटी पडलेली आहे. पूर्वी गव्हर्नरने सांगितल्याशिवाय कायदा लागू होत नसे. आता कायदा लागूच असतो, आणि आदिवासींच्या हिताआड येत असेल तर राज्यपाल तो रोखू शकतो. ‘वगळलेले क्षेत्र’ जाऊन ‘अनुसूचित क्षेत्र’ हा शब्द आला. १९८५ च्या आदेशात डहाणू आणि तलासरी हे तालुके पूर्णपणे त्या यादीत आहेत.

नियतीचा खेळ असा, की ही लोकसभा घडविणारा माणूस तिच्यात कधी बसला नाही. १९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात बाबासाहेबांचा पराभव झाला. ते राज्यसभेत गेले. आणि १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ठाणे मतदारसंघातून शामराव परुळेकर आणि राखीव जागेवर लक्ष्मण महादू मातेरा लोकसभेत गेले, नाशिकहून दादासाहेब गायकवाड गेले. फेडरेशन आणि कम्युनिस्ट त्या वेळी एकाच समितीत होते. महारवाड्याचे मत आणि वारली पाड्याचे मत एका दिशेने पडले, असा तो एक काळ होता. दोन वर्षांनी दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. जमीन मागणारे हात जंगलात आणि गावकुसाबाहेर सारखेच रिकामे आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

पण राखीव जागा मिळाली म्हणजे आवाज मिळतो, अशा भ्रमात आपण राहू नये. १९६० साली याच संसदेने मुंबई राज्याचे दोन तुकडे करताना उंबरगाव तालुका फोडला. एक भाग गुजरातेत गेला, तलासरी महाराष्ट्रात राहिली, आणि वारली दोन्हीकडे वाटले गेले. १९६७ साली डहाणू हा राखीव मतदारसंघ झाला, तेव्हा तेथून निवडून आले ते जव्हार संस्थानचे माजी राजे यशवंतराव मुकणे. जमातीने ते आदिवासीच होते, तेव्हा कायद्याने काही चुकले नाही. पण प्रजासत्ताकाच्या कनिष्ठ सभागृहात, सर्वांत खालच्या माणसासाठी राखलेल्या खुर्चीवर राजा येऊन बसला. किसान सभेतून आलेले लहानू शिडवा कोम यांना डहाणूने लोकसभेत पाठविले ते १९७७ साली. झरीच्या सभेनंतर बत्तीस वर्षांनी. २००९ पासून हा मतदारसंघ पालघर या नावाने ओळखला जातो. जागा राखीवच आहे.

१९९६ साली संसदेने अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा केला, ज्याला सारे पेसा म्हणतात. महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ साली निघाले. या कायद्याने ग्रामसभेला तिच्या साधनसंपत्तीवर आणि रूढींवर अधिकार मानला आहे. ग्रामसभा हे असे सभागृह आहे, की त्यात निवडून यावे लागत नाही. गावातला प्रत्येक मतदार त्याचा सभासद असतो. त्याच्या खाली दुसरे सभागृह नाही. माझ्या मते आपल्या घटनेतले हे खरे कनिष्ठ सभागृह. पण तेथेही कागद आधी तयार करून आणला जातो, ठराव वाचून दाखविण्यापूर्वीच अंगठे घेतले जातात, हे मी नोकरीच्या काळात पाहिले आहे. कॉमन्सची कथा येथे पुन्हा सुरू होते: घर नावाने सामान्यांचे असणे वेगळे आणि सामान्यांनी ते घेणे वेगळे.

मी निवृत्त झालो त्याला काही वर्षे झाली. तो म्हातारा त्याच्या पुष्कळ आधी गेला. त्याच्या नातवाला मी ब्रिटनची राज्यपद्धती शिकविली. राजा, सरदार, कॉमन्स असे तीन चौकोन फळ्यावर काढले. झरीची सभा मी शिकविली नाही, कारण ती पुस्तकात नव्हती. मुलाने वही भरून उत्तर लिहिले आणि त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. आपला आजा कोणत्या सभागृहाचा सभासद होता, हे मात्र त्याला माझ्याकडून कळले नाही. ती चूक माझी. वेस्टमिन्स्टरने डहाणूला वगळले ते एका आदेशाने. आपण शिकलेल्यांनी, वर्गात आणि चळवळीत, तिला रोज वगळतो. त्यासाठी आदेशसुद्धा लागत नाही.

आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांनी तो धडा वर्गात सांगावा. जे कार्यकर्ते आहेत त्यांनी पाड्यावरच्या ग्रामसभेत पाहुणा म्हणून नव्हे, तर ऐकणारा म्हणून जाऊन बसावे. आणि दाराशी मोळी दिसली, तर ती कोणी ठेवली, हे त्याच दिवशी विचारावे.